पाण्यात उतरणाऱ्या गाडीची डीलरशिप घ्यावी का? प्रकल्प नोंदी, मिरज

३ फेब्रुवारी २०२५

आमच्या ट्रॅक्टरच्या दुकानाला मुंबईच्या एका आयातदाराचा डीलरशिपचा प्रस्ताव आज लेखी आला. आठ चाकांची गाडी, चिखलातून थेट पाण्यात उतरते आणि पलीकडं पुन्हा काठावर चढते. सांगली, कोल्हापूर, सातारा, रत्नागिरी हे चार जिल्हे आपल्याला मिळतील. त्या बदल्यात एक डेमो मशीन रोखीनं उचलायचं, डिपॉझिट वेगळं, शोरूममध्ये दर्शनी जागा द्यायची आणि एक मेकॅनिक त्यांच्याकडं शिकायला पाठवायचा. निर्णय दिवाळीच्या आत.

आप्पांनी कागद दोनदा वाचला आणि एवढंच विचारलं, "ट्रॅक्टर शेतकऱ्याच्या दारात रोज लागतो. हे कुणाच्या दारात रोज लागणार?" प्रश्न फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. पुढची सगळी चौकशी त्याच्या उत्तरासाठीच.

५ फेब्रुवारी

प्रस्ताव तिथल्या तिथं परत का पाठवला नाही, तेही लिहून ठेवलेलं बरं.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. आमचं दुकान मिरजेत उंचावर, दुकानात पाणी आलं नाही. पण गिऱ्हाईक सगळं पलूस, वाळवा, शिरोळकडचं, मळीच्या रानातलं. पाणी ओसरल्यावर ट्रॅक्टर साखळीनं ओढत वर्कशॉपात आले. चेंबरचा नट सोडला की आधी पाणी, मग राखाडी गाळ, मग सगळ्यात शेवटी थोडं तेल. एअर क्लीनरमध्ये पाचट कोंबल्यासारखं बसलेलं. हेच ट्रॅक्टर बुडायच्या आधी माणसं बाहेर काढत होते. ट्रॉलीत बायका-पोरं, शेळ्या, गॅसच्या टाक्या. पाणी वाढलं की ट्रॉली तरंगायला लागते, मागून ट्रॅक्टरलाच ओढते. तिथं ट्रॅक्टर सोडून द्यायचा आणि बोटीची वाट बघायची.

आणि बोट म्हटलं की ब्रह्मनाळ. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या त्या गावात माणसं बाहेर काढणारी बोट उलटली. बोटीत झेपतील त्यापेक्षा जास्त माणसं होती. त्या भागातल्या घरांत आमचं जाणंयेणं आहे. त्यामुळं हा कागद नुसता कमिशनच्या हिशेबानं वाचता येत नाही.

ट्रॅक्टर बुडतो तिथून पुढं आणि बोट जमिनीला टेकते तिथून अलीकडं, गुडघाभर ते छातीभर पाण्याचा एक पट्टा असतो. खाली रस्ता आहे की विहीर, ते दिसत नाही. माणसं अडकतात ती बहुतेक तिथंच. हे मशीन त्या पट्ट्यासाठी आहे, असं माझ्या डोक्यात बसलंय. खरं आहे का ते बघायचं.

१२ फेब्रुवारी

आयातदाराच्या गोदामात मशीन खालून-वरून बघितलं. आमच्या वर्कशॉपच्या मिस्त्रींना मुद्दाम बरोबर नेलं होतं.

बांधणी साधी आहे, आणि तीच तिची ताकद. खाली जाड प्लॅस्टिकचा एकसंध टब, तोच बोटीचा तळ. इंजिन, गिअरबॉक्स, साखळ्या सगळं टबाच्या आत. प्रत्येक बाजूची चारही चाकं साखळ्यांनी एकमेकांना जोडलेली, त्यामुळं एक चाक फिरलं की त्या बाजूची चारही फिरतात. स्टिअरिंगला पुढची चाकं वळतच नाहीत. हँडल उजवीकडं दाबलं की उजव्या बाजूला ब्रेक लागतो, डावी बाजू फिरत राहते आणि गाडी जागच्या जागी वळते. रणगाडा वळतो त्याच तत्त्वावर.

टायर रुंद, फुगीर आणि मऊ. हवा ३ पीएसआयच्या आसपास. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला आपण १२ च्या खाली क्वचित उतरतो. वजन आठ चाकांवर पसरल्यामुळं जमिनीवर पडणारा दाब चालत्या माणसाच्या पावलापेक्षा कमी. आपण घोट्यापर्यंत रुततो तिथून ही जाईल, हे पटलं.

पाण्यात पंखा नाही, वल्हं नाही. टायरच्या नक्षीनंच पाणी मागं ढकलायचं. मिस्त्रींनी लगेच विचारलं, "मग वेग किती?" उत्तर आलं, ताशी ४ ते ५ किलोमीटर. त्यावर आयातदाराचा माणूस म्हणाला, वेग जास्त हवा तर मागं बोटीचं इंजिन लावता येतं. खर्च वेगळा.

आसनाजवळच्या पाटीवर लिहिलंय: जमिनीवर सहा माणसं, पाण्यात चार. पाटीचा फोटो काढून ठेवला. पुरात अडकलेलं कुठलं कुटुंब चार माणसांचं असतं?

२४ फेब्रुवारी

ही गाडी मुळात कुणासाठी बनली, ते वाचत बसलो होतो. हा धंदा कॅनडातला. १९६० च्या दशकात तिथं सहा चाकांच्या छोट्या उभयचर गाड्या निघाल्या. ऑन्टारिओ प्रांतातल्या न्यू हॅम्बर्गच्या 'ऑन्टारिओ ड्राइव्ह अँड गिअर' कंपनीची 'आर्गो' १९६७ ची, आणि ती आजही बनते. गिऱ्हाईक कोण? दलदलीच्या जंगलात शिकारीला जाणारे, खनिज शोधणाऱ्या कंपन्या, विजेच्या तारांची देखभाल करणारे, उत्तरेकडच्या दुर्गम वस्त्यांवर राहणारे. उन्हाळ्यात दलदल, हिवाळ्यात बर्फ. चाकांवर रबरी पट्टा चढवला की तीच गाडी बर्फावर चालते. म्हणजे तिथं ती बारा महिने कामात असते. विकणाऱ्यालाही वर्षभर सर्व्हिसचं काम मिळतं, साखळ्या-बेअरिंगं खपत राहतात.

आपल्याकडं नदी जून ते सप्टेंबर भरलेली असते आणि धोक्याच्या वर जाते ते काही वर्षीच. जसं २००५, २०१९, २०२१. मधल्या वर्षांत मशीन शेडमध्ये. आप्पांचा प्रश्न इथंच येऊन टेकतो.

११ मार्च

कागदपत्रांचा दिवस. आरटीओचं काम बघणारे आमचे सल्लागार आणि वकील, दोघांना एकत्र बसवलं.

रस्त्यावर चालणाऱ्या कुठल्याही मॉडेलला केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ खाली पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थेची मंजुरी लागते. प्रस्तावातल्या मॉडेलला ती नाही, आणि आठ चाकं ब्रेकनं वळवणाऱ्या गाडीला ती मिळवायला कुणी जाईल असं वाटत नाही. मंजुरी नाही तर नोंदणी नाही, नंबर प्लेट नाही. गोदामातून नदीपर्यंत मशीन ट्रेलरवरच न्यायचं. म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाला मशीनबरोबर ट्रेलर आणि तो ओढणारी गाडीही हवी.

आरसी, म्हणजे नोंदणीचं प्रमाणपत्र, नसली की पुढची साखळी तुटते. फायनान्स कंपनी आरसीवर बोजा चढवून कर्ज देते. इथं बोजा चढवायचा कशावर? मशिनरी कर्ज म्हणून बँक बघेल, पण तारण वेगळं मागेल. विम्याचंही तसंच, मोटार पॉलिसी नाही, यंत्रसामग्रीची पॉलिसी. तिच्यात पाण्यात बुडाल्याचं नुकसान धरलंय का, ते ओळ न ओळ वाचून बघावं लागेल. पाण्यात उतरणाऱ्या मशीनला तेवढंच कलम महत्त्वाचं.

पाण्याच्या बाजूनं २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा आहे. इंजिनवर चालणाऱ्या बोटीला त्याखाली नोंदणी आणि तपासणी लागते. वकिलांचा सल्ला असा की विकताना दोन्ही बाजूंची जबाबदारी गृहीत धरून करार लिहा, लाइफ जॅकेटशिवाय मशीन दुकानाबाहेर सोडू नका.

ऑन्टारिओत २०२० पासून अशा गाड्यांना ठराविक रस्त्यांवर चालवायची मुभा आहे. त्यांचं गिऱ्हाईक घरातून निघून थेट दलदलीत जाऊ शकतं. आपलं गिऱ्हाईक आधी ट्रेलर शोधणार. पुरात ट्रेलर पोचेल अशी जागा शोधता शोधता अर्धा दिवस जाईल.

२ एप्रिल

पैशाचा हिशेब. आयातदाराच्या एजंटनं जो दर धरलाय त्यावरूनच मांडतो.

कारखान्यातून जहाजभाड्यासह १०० रुपयांना पडलेली वस्तू. सीमाशुल्क ७० टक्के, झाले १७०. त्यावर जीएसटी २८ टक्के, झाले २१७ रुपये ६० पैसे. अजून आयातदाराचा नफा, बंदरापासूनची वाहतूक आणि आपलं कमिशन बाकी. दारात मशीन ४० लाखांच्या घरात जातं. आमच्याकडचा सगळ्यात जास्त खपणारा ट्रॅक्टर याच्या पाचव्या हिश्श्यात येतो आणि तो घेतानाही शेतकरी दोन हंगाम विचार करतो.

डेमो मशीनचे पैसे अडकतील त्यावरचं बँकेचं व्याज आणि शोरूममधली जागा धरली, तर वर्षाला किमान दोन मशीन विकली तरच डोकं पाण्यावर. चार जिल्ह्यांत दोन. ऐकायला सोपं वाटतं.

भावाचं म्हणणं, भाड्यानं देऊ. रिसॉर्टवाले, लग्नाआधीचं शूटिंग, कोकणातली पर्यटन केंद्रं. मी सरळ नाही म्हटलं. जे मशीन पुरात माणसं वाचवायला म्हणून आणायचं, ते मेमध्ये दर शनिवार-रविवारी मौजेसाठी चेपायचं आणि जुलैत त्याच्यावर भरवसा ठेवायचा, हे मला मान्य नाही. भावाला ते पटलं नाही. व्यवहार म्हणून त्याचं बरोबर आहे. तरीही माझं मत तेच.

२८ मे

डेमो. यंदा पाऊस मेमध्येच आला. रानं ओली, त्यामुळं खरी परीक्षा झाली. मिरजेबाहेरच्या एका खणीत आणि नंतर हरिपूरच्या बाजूला एका ओळखीच्यांच्या रानात.

खणीच्या पाण्यात मशीन अलगद उतरलं. काठ अगदी उभा होता, तरी नाक खाली घालून शांतपणे तरंगायला लागलं. तळाला बसवलेल्या पंपानं आत आलेलं थोडं पाणी बाहेर फेकलं. वळताना मात्र वेळ घेतं. पाण्यात ब्रेकला धरायला काही नसतं, एका बाजूची चाकं फिरतात आणि गाडी मोठा वळसा घेऊन हळूहळू फिरते. वारा आला तेव्हा तोंड भरकटलं. चालवणारा कंपनीचा अनुभवी माणूस होता. त्याच्या जागी गावातला एखादा पोरगा असता तर काय झालं असतं, हेच डोक्यात घोळत होतं.

रानात खरी मजा आली, आणि खरी अडचणही. काळी माती दोन पावसांनी चिकट झालेली. मशीन रुतलं नाही, एकदाही नाही. ट्रॅक्टर जिथं पोटापर्यंत बसला असता तिथून ते वरवर निघून गेलं. बघणारी माणसं टाळ्या वाजवत होती. पण जागेवर वळताना आठही चाकांच्या मधल्या फटीत काळा चिखल घट्ट भरत गेला. शेवटी लोखंडी पट्टीनं खरवडून काढावा लागला. नुकत्याच तोडलेल्या उसाच्या फडातून नेलं तेव्हा तिरपे कापलेले बुडखे मऊ टायरमध्ये घुसले. दोन चाकांची हवा गेली. गंमत अशी की हवा गेली तरी मशीन चाललं, बाकी सहा चाकांनी ओझं उचललं. पण पाण्यात उतरायच्या आधी हवा भरणं भाग होतं, कारण फुगलेले टायरही तरंगायला मदत करतात.

मिस्त्री गुडघ्यावर बसून एक एक चाक बघत होते. तिसऱ्या चाकाजवळ थांबले, बोट आत घातलं आणि पाचटाची एक लांब दोरी बाहेर ओढली. आसाभोवती गच्च गुंडाळलेली, ऑइल सीलच्या ओठापर्यंत पोचलेली. "मालक, हे सील उचकटलं की पाणी बेअरिंगमध्ये. बेअरिंगातून टबात. कॅनडात पाचट नसतं." त्यांनी ती दोरी खिशात घातली, आणि मला ती आजच्या दिवसाची सगळ्यात मोलाची वस्तू वाटते.

उसाचा पट्टा म्हणजे आपला निम्मा पूरपट्टा. पुरात पाण्याखाली काय असतं? ऊस, पाचट, ठिबकच्या नळ्या, बाभळी, द्राक्षबागेच्या तारा.

१९ जून

गिऱ्हाईक शोधायची फेरी.

एका साखर कारखान्याचे शेती अधिकारी नीट ऐकून घेऊन म्हणाले, पाणी आलं की आमची तोड बंदच असते, आम्हाला काय उपयोग? खरं आहे. वनखात्यातल्या ओळखीच्या अधिकाऱ्यांना कोयनेच्या पाणलोटात गस्तीसाठी रस वाटला, पण त्यांच्याकडं बोटी आहेत, आणि बोट जिथं थांबते तिथून पुढं चालत जायची त्यांना सवय आहे. महावितरणच्या एका लाइनमनशी बोलणं झालं. त्यांचं काम ऐकून अंगावर काटा आला. २०१९ आणि २०२१ ला पाणी असतानाच खांबापर्यंत जावं लागलं, बोटीनं, कधी पोहत. खांबावर चढायला बोट स्थिर राहत नाही. गुडघाभर पाण्यात आठ चाकं जमिनीला टेकवून उभं राहणारं मशीन त्यांना खरंच हवंय. या फेरीत मनापासून "हवं" म्हणणारा हा एकच माणूस भेटला. पण खरेदी त्याच्या हातात नाही.

खरेदी ज्यांच्या हातात आहे, तिथं वाट निविदेची. महाटेंडर्स किंवा जेम या सरकारी खरेदीच्या संकेतस्थळांवर निविदा निघणार, तिच्यात उलाढालीची अट, पूर्वानुभवाची अट, अनामत. पहिलं मशीन विकल्याशिवाय पूर्वानुभव नाही आणि पूर्वानुभवाशिवाय पहिलं मशीन नाही. आयातदाराच्या नावानं निविदा भरली तर आपण फक्त देखभाल करणारे. आणि देखभालीचा खर्च निविदेत बहुतेक धरलेलाच नसतो. मशीन येतं, फोटो निघतो, हार पडतो. पुढच्या वर्षी बॅटरी बदलायला पैसे कुठल्या खात्यातून, हे कुणी सांगत नाही.

पंजाबनं डिसेंबर २०१६ मध्ये हरिके इथं पाण्यात चालणारी बस सुरू केली होती. २०१७ मध्ये सरकार बदललं आणि ती बंद पडली. सरकारी खरेदीतली अशी वाहनं रोजच्या कामाला जुंपली नाहीत तर टिकत नाहीत.

२० ऑगस्ट

कोयनेतून विसर्ग वाढवलाय. सांगलीतल्या सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रोडच्या घरांतून माणसं सामान हलवताहेत. आमचे दोन टेम्पो त्यांच्याकडं दिलेत.

संध्याकाळी मिस्त्री आणि मी सांगलीच्या घाटावर गेलो. मला एक आकडा हवा होता. काठालगत शंभर मीटर अंतर आधी पावलांनी मोजून घेतलं आणि वाहत येणाऱ्या जलपर्णीच्या झुपक्यांवर घड्याळ लावलं. नदीच्या मधल्या धारेतला झुपका पन्नास सेकंदांच्या आत पार. म्हणजे सेकंदाला दोन मीटर, ताशी सातच्या वर. काठाजवळचा मात्र रमतगमत, कधी उलटाही फिरणारा.

मशीनचा पाण्यातला वेग ताशी ४ ते ५. प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून पूर्ण जोर लावला तरी ते मागंच जाणार. आडवं पार करायला निघालं तर पलीकडचा काठ येईपर्यंत किती खाली वाहत जाईल, आणि वाटेत पुलाचा खांब किंवा झाड असेल तर काय, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

आज निर्णयाचा मोठा भाग झाला. या मशीनची जागा थांबलेल्या पाण्यात आहे, शिरोळकडच्या फुगवट्याच्या पाण्यात, गावांना वेढून बसलेल्या उथळ पाण्यात, ओसरल्यानंतरच्या चिखलात. तिथं ते उत्तम आहे, याबद्दल मला शंका नाही. पण पूर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर धार येते. पलीकडं कुणी अडकलंय, हाताशी 'पाण्यातली गाडी' आहे, आणि गावातली पोरं जिवाची पर्वा न करणारी. ती थांबणार नाहीत. त्या गाडीवर आमच्या दुकानाचं नाव असेल.

३ सप्टेंबर

पंजाबातल्या पुरात लष्करानं 'एटीओआर एन १२००' उतरवल्याची दृश्यं सगळीकडं फिरताहेत. चार प्रचंड चाकांची ती गाडी जेएसडब्ल्यू गेको मोटर्स देशात बनवते. लष्करानं २०२३ मध्ये ९६ गाड्यांची मागणी दिली होती, सुमारे २५० कोटींची. म्हणजे एक गाडी अडीच कोटींच्या वर. १२०० किलो माल नेते. पण पाण्यातला तिचाही वेग ताशी सहाच्या आसपास. अमृतसरकडं ती पसरलेल्या पाण्यात चाललीय, जिथं चालायला हवी तिथंच, आणि चालवणारे प्रशिक्षित जवान.

आयातदाराचा सकाळीच फोन. "बघितलं ना? आता मागणी येणार!" मागणी येईलही. दुकानात तीन माणसं विचारून गेली, त्यातला एक सरपंच. त्यांना वीस मिनिटं बसवून घाटावरचा आकडा सांगितला. शेवटी ते म्हणाले, "मग भाऊ, आमच्या गावात जी बोट आहे तीच बघा की जरा."

१३ सप्टेंबर

त्या गावात गेलो. नाव लिहीत नाही, कारण चूक एकट्या गावाची नाही. शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये फायबरची बोट, वर वैरणीचे भारे रचलेले. बोटीचं इंजिन भिंतीला टेकवून उभं. मागच्या पुरानंतर टाकीतलं पेट्रोल काढलंच नव्हतं. ते आटून कार्ब्युरेटरमध्ये तपकिरी डिंक झालेला. पाणी ओढणाऱ्या पंपाचं रबरी चक्र कडक होऊन पाकळ्या तुटलेल्या. तसंच सुरू केलं असतं तर दहा मिनिटांत इंजिन तापून जाम. लाइफ जॅकेटांपैकी निम्म्यांचे पट्टे उंदरांनी कुरतडलेले.

मिस्त्रींनी तिथंच ओट्यावर कार्ब्युरेटर उघडला. दुपारपर्यंत इंजिन पाण्याच्या पिंपात फुरफुरायला लागलं. लागलेले सुटे भाग दोन हजार रुपयांच्या आत, आणि पुण्यात लगेच मिळणारे. गोळा झालेल्या पोरांपैकी दोघांना त्यांनी दोरी ओढायची रीत, पेट्रोल-ऑइलचं प्रमाण, काम झाल्यावर गोड्या पाण्यानं धुऊन टाकी रिकामी करायची पद्धत दाखवली. बोटीच्या बाजूला किती माणसं बसवायची तो आकडा रंगानं मोठा लिहून घेतला. सरपंचांच्या आई काठी टेकत बघायला आल्या होत्या. म्हणाल्या, "आकडा खालनंबी दिसंल असा काढा. पाण्यात असणाऱ्याला वाचता आला पाहिजे."

६ ऑक्टोबर

घरात बैठक. आप्पा, भाऊ, वहिनी (हिशेब त्यांच्याकडं) आणि मिस्त्री.

डीलरशिप घ्यायची नाही. कारणं आयातदाराला पत्रात स्पष्ट लिहिली आहेत: नोंदणी नसल्यामुळं कर्ज आणि विम्याची अडचण, सुट्या भागांचा साठा मुंबईतही नाही, उसाच्या पट्ट्यात सील आणि टायर उघडे पडतात, आणि सगळ्यात मोठं कारण, प्रवाहात उतरू नये हे शिकवल्याशिवाय मशीन विकायचं नाही ही माझी अट त्यांच्या करारात बसत नाही. त्यांचं म्हणणं, प्रशिक्षण गिऱ्हाइकानं मागितलं तर देऊ. मला ते विक्रीचं पहिलं कलम हवं होतं.

मशीनबद्दल वाईट लिहिलेलं नाही. महावितरणसारख्या खात्यानं विभागीय पातळीवर एखादं घेतलं, ठराविक माणसांना शिकवलं आणि वर्षभर ओल्या रानातल्या लाइनींसाठी वापरलं, तर त्याची देखभाल आम्ही आनंदानं करू, हेही पत्रात आहे. आसांना पाचटापासून वाचवणारं लोखंडी कवच मिस्त्रींनी कागदावर काढलंय, ते चित्र सोबत जोडलं.

भावाची नाराजी थोडी आहे. वहिनींनी डेमो मशीनच्या रकमेचा आकडा आणि बोटींच्या दुरुस्तीसाठी लागणाऱ्या हत्यारांचा, पिंपांचा, सुट्या भागांचा आकडा एकाखाली एक लिहून त्याच्यासमोर ठेवला. मग तो म्हणाला, निदान त्या कामाचं नीट कोटेशन तरी करू, फुकटात करू नका. मान्य.

१७ नोव्हेंबर

आयातदाराचं उत्तर सभ्य आहे. कवचाचं चित्र त्यांनी कारखान्याकडं पाठवलंय.

बोटींच्या कामाचं कोटेशन तयार. वर्षातून दोनदा: मेच्या पहिल्या पंधरवड्यात इंजिन सुरू करून पाण्यात चाचणी, ऑक्टोबरात टाकी रिकामी करून धुणं, तेल बदल, झाकून ठेवणं. सोबत गावातल्या चार जणांना चालवायचं शिक्षण. बोटीवर माणसांचा आकडा, बाहेरून, पाण्याच्या बाजूनं. पलूस आणि शिरोळमधल्या काही गावांनी होकार कळवलाय, बाकीच्यांचा ग्रामसभेनंतर.

मिस्त्रींना बोटीच्या इंजिनांच्या प्रशिक्षणाला जानेवारीत पाठवायचं. त्यांच्या हाताखाली एक पोरगा घ्यायचा. वर्कशॉपच्या मागच्या बाजूला चाचणीचा हौद बांधायला गवंडी सोमवारी येणार आहे.